रविवारची वाटी

—तं बस ना, उभी का? तो पाट घे. चहाला आधण ठेवलंय, तवर तू बोलू नको, मीच बोलते. तू कशाला आलीस ते मला ठाऊक हाय, रंभे. शनिवारी मडमकडं शेवटची पार्टी, मंग साहेब लोक आपल्या देशाला परत — आणि मडमला ते चाकलेटचं गोड हवंय, काचेच्या वाट्यांतलं. नि जयवंती कामावर येत नाय. बरोबर? बघ म्हंजे! तारापूरच्या किनाऱ्यावर अणूची वीज काढायला आलेली माणसं, पण एक वाटी गोड चिंचणीच्या बाईबिगर होत नाय त्यांचं. हस की. बंगल्यातनं घरी येताना कशी पोट धरून हसायचीस माझ्याबरोबर, तशी हस.

मी नाय येणार. पण सांगते तुला, तू कर. तू काय, त्यांच्या पोरांची आया, लहानपणी मिशनच्या बाईकडं राहून इंग्रजी शिकलेली — तुला काय अवघड हाय? चाकलेटच्या वड्या फोडायच्या. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्याच्यावर काचेचा वाडगा, वाडग्यात चाकलेट. पाण्याचा शिंतोडा आत जाऊ द्यायचा नाय, गेला तं सगळं रवाळ होऊन बसतं. वितळलं की खाली घे, जरा निवू दे. घाई केलीस तं अंडं शिजेल नि मडमला भुर्जी खायला घालशील. अंड्याचा पिवळा बलक साखरेत घोटलेला, तो घाल. मंग ती बाटली. जाड काचेची, तोंडाला तार बांधलेली. बूच काढताना तोंड भिंतीकडं कर — आठवतं ना, पैल्या वेळेला ते छताला धडकलं नि तू टेबलाखाली शिरलीस? अर्धा कप ओतायचं. सळसळ करत बुडबुडे वर येतात, नि असा वास सुटतो — नाक पुढं जातं आपोआप. मंग अंड्याचं पांढरं फेसून हलक्या हातानं मिसळ, वाट्यांत भर, थंड कपाटात ठेव. झालं. भट्टी नाय, पाक नाय. आपल्या पानग्यांना सुद्धा यापरीस जास्त खटपट.

नि चव घ्यायची. ते कसं सांगायचं राहिलं! स्वैपाकीण चव घेतल्याबिगर ताट बाहेर पाठवत नाय, ही आमच्या आयेची शिकवण. एक चमचा मिसळल्यावर, एक चमचा भरताना, वाडगा निपटताना बोटानं थोडं. मंग घरी जाताना माझे कान गरम व्हायचे, मी बांधावरनं लग्नाची गाणी म्हणत जायची — तू म्हणायचीस, जयवंते, आज लय खुशीत हायस! मी म्हणायची, दिवसभर उभी राहून डोकं हलकं झालंय गं. तू हसायचीस. लय हसायचीस तू तवा.

घे, चहा घे. गूळ जास्त पडलाय, चालेल ना?

बळवंताचं तुला वेगळं काय सांगायचं. सगळ्या आळीला ठाऊक हाय. आमची दमयंती तीन वर्सांची होती, तिला खांद्यावर घेऊन हा खाडीकडं गेला, ताडाखाली बसला, प्यायला, नि पोरीला बांधावर विसरून घरी आला. भरती चढत होती. मी इचारते, दमी कुठं? तं म्हणतो, कोण दमी? — खाडीत डोल जाळं लावणाऱ्या कोळ्यानं उचलून आणली तिला, कमरेपर्यंत भिजलेली, रडत पण नव्हती. तू होतीस ना त्या दिवशी? तूच तं तिला शेक दिलास. मंग चैतात म्हालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. आमच्याकडं दारूचा नवस एकट्यानं घेत नायत. नवऱ्यानं सोडायची तं बायकोनं पण हात ठेवायचा देवीच्या उंबऱ्यावर, न पिणारी असली तरी. जोडीचा नवस. एकानं मोडला तं दुसरा मोकळा. माझी सासू बोलली, तुला काय, तू कुठं पितेस, तुझा हात फुकटचा. मी पण तेच म्हटलं. फुकटचा हात! त्या हातावर आठ वर्सं माझं घर उभं होतं, रंभे. वाडीत ताड उभे, शेजारी चोरून मडकी बांधतात, पण यानं मान वर करून बघितलं नाय. खरा राहिला तो. ते म्हटलंच पाहिजे.

म्हणून तं मी इचारलं होतं ना? पैल्याच दिवशी, मडमच्या स्वैपाकघरात, बाटली हातात घेतली नि तुला बोलले, रंभे, हिला इचार, ही दारू हाय का? माझा नवस हाय, तुला ठाऊक हाय. तू इचारलंस. मडम बोलली — बराच वेळ बोलली, हात हलवून, माझ्याकडं बघून. नि तू मला काय सांगितलंस? नाय गं, द्राक्षाचा सोडा हाय, थंडीच्या देशातला. एवढ्या लांबलचक बोलण्याचं एवढंसंच? मी मनात म्हटलं, इंग्रजीत असंच असेल, बोलायचं लांब नि अर्थ आखूड.

पी ना चहा. निवला बघ.

शनिवारची पार्टी झाली की मडम उरलेली वाटी मला द्यायची. बर्फाच्या चुऱ्यात ठेवून, वर फडकं. जाऊ दे, तुला सांगून काय उपयोग — पण सांगते. रविवारी दुपारी हा फाटकाशी उभा असायचा. बळवंत! ज्यानं लग्नात सुद्धा माझ्याकडं वळून बघितलं नव्हतं! मी येताना दिसले की हातातली पिशवी घ्यायचा. विहिरीच्या कट्ट्यावर आमी बसायचो, एक वाटी, एक चमचा, एक घास त्याला, एक मला. मी भरवायची. हो, मी भरवायची त्याला, काय बघतेस? चाळिशीला आलेली बाई मी, लाज सोडली होती. मला वाटायचं हा माझी वाट बघतो. आठवडाभर रविवारची वाट मी पण बघायची. फक्त दमीला घास नाय द्यायचा तो. ती पुढं आली की म्हणायचा, जा, खोकला होईल, थंड हाय. मी रागवायची, पोरीच्या तोंडचं खातो, एवढा हावरा कसा गं बाप हा!

हावरा नव्हता. त्याला ठाऊक होतं.

पैल्या घासाला कळलं त्याला, रंभे. ज्याची जीभ ताडीत वाढली त्याला कळणार नाय? कळलं, नि गिळलं, नि माझ्या तोंडाकडं बघत दुसऱ्या घासाला तोंड उघडलं. वर्सभर. आठवड्यामागं मी त्याला वाडीत धरला, मडक्यासकट. मी डोकं आपटून घेतलं, म्हटलं म्हालक्ष्मी बघतेय. तं काय शांतपणानं बोलला — नवस कवाच मोडलाय, जयवंती. तुझ्या हातानं. तूच खाल्लंस, तूच भरवलंस. आता मी मोकळा. — कट्ट्यावर बसून बोलला, आमच्या कट्ट्यावर! परत रोजचं सुरू झालंय. दमी अकरा वर्सांची, बाप आला की माळ्यावर चढून बसते. आताही तिथंच हाय.

नाय, थांब. उठू नको. अजून सांगायचं राहिलंय.

मी म्हटलं, खोटारडा हाय, आपलं पाप माझ्या पदरात घालतो. म्हणून काल मी बंगल्यावर गेले. एकटी. तू पोरांना घेऊन समुद्रावर गेली होतीस तवा. रिकामी बाटली उचलली, मडमपुढं धरली, म्हटलं, मडम, ही दारू? तिला आता आपलं थोडंफार येतं, बाजारात बोलून बोलून. तिनं मान हलवली. हो. मी म्हटलं, मंग मला का नाय सांगितलं? तं ती बावरली. म्हणाली — तिच्या त्या मोडक्या मराठीत — रंभाला सांगितला. पैला दिवस. जयवंतीला नको तं संत्र्याचा रस टाक. रंभा बोलला, जयवंतीला चालते.

जयवंतीला चालते.

ती बाई रडली माझ्यासमोर. परकी बाई, डोळ्यांना रुमाल लावून. नि तू — एका आळीतल्या आपण, एका परातीत भात खाल्लाय, माझ्या भिजलेल्या पोरीला तू तुझ्या पदरात घेतलंस, तुला तरी ठाऊक होतं तो हात उंबऱ्यावर कशाला ठेवलाय! काय झालं असतं? संत्र्याचा रस घातला असता. मडम नाराज होईल, म्हणेल कसली अडाणी बाई आणलीस, हेच ना? का वाटलं तुला, एवढंसं तं हाय, हिला काय कळतंय? नि मी गाणी म्हणत बांधावरनं चालायची तवा तू हसायचीस ते कशाला — नको. नको सांगू. बळवंताचं मी समजून घेईन एकवेळ, तो पैल्यापासनं तसाच, त्याची जीभच त्याची मालकीण. तुझी जीभ तर माझी होती, गं. मडमपुढं मला तेवढीच होती.

बस, रडू नको माझ्या घरात. चहा राहू दे तसाच. कृती सांगितलीय सगळी, काय लपवलं नाय, चांगलं होईल तुझं गोड. फक्त चव घेताना जपून.

थांब, कुंकू लावते — सवाष्ण बाई दारातनं तशीच जाऊ —

नाय. राहू दे. हात गेला सवयीनं. तुमी निघा आता, रंभाबाई. बंगल्यावर पोचायचं तं उजेड हाय तवर बांध पार करा.

दमे, खाली ये गं. फाटक लाव.