प्राचार्यांनी पारखलेला स्विच

नेटवर्कचा स्विच कसा पारखतात ते मला आमच्या प्राचार्यांनी शिकवलं, ऐका! मी बांद्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, म्हणून खोल्याखोल्यांत इंटरनेट वाटून देणारा नवा स्विच निवडायचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापूरच्या सेल्समनने तो जोडला आणि म्हणाला, "मॅडम, कुठल्याही खोलीचं इंटरनेट मोबाईलवरून बंद-चालू करता येतं."

"बघू," म्हणत प्राचार्यांनी त्याचा मोबाईल घेतला आणि भलतंच बटण दाबलं. सगळ्या कॉलेजचं नेट गेलं.

"सर, मुख्य लाइनच बंद केलीत!" सेल्समन ओरडला.

"मग चालू कर."

"मोबाईलचा हुकूम त्याच लाइनवरून जातो, सर!"

बिचारा लॅपटॉप घेऊन स्विचच्या कपाटाकडे धावला. तेवढ्यात स्टाफरूमचं दार उघडलं. एकेक मास्तर मोबाईल खिशात टाकत बाहेर आला आणि खडू घेऊन मुकाट वर्गावर गेला. प्राचार्य बघतच राहिले.

नेट आलं. सेल्समनचं तोंड एवढंसं झालं होतं. "सॉरी सर, दुसरं मॉडेल दाखवतो."

आनंदात प्राचार्य मालवणीवर आले. "दुसरो कित्याक? माका ह्योच होयो! फक्त ता बटण माका परत एकदा दाखय."