चढावरची टकटक

नर्सबाई स्कूटरच्या पंक्चरसाठी गॅरेजच्या बाकावर ताटकळत बसल्या होत्या. मेकॅनिकनं शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि नर्सबाईंचे कान तिकडेच लागले.

“काका, चढावर टकटक करते ना?”

“छे! एकदम शांत चालते.”

“शांत कसली? महिनाभर कानीकपाळी ओरडतेय मी.”

“काकूंचं बरोबर आहे. टायमिंग चुकलंय, ठिणगी वेळेआधी पडतेय. ठिणगीची वेळ ठरवणारा हा डिस्ट्रिब्युटर कुणी फिरवला?”

“मीच. कायम कानानंच लावतो मी. टकटक येईपर्यंत फिरवायचा, मग जरासा मागे घ्यायचा.”

“आणि या खेपेला टकटक कधी आली?”

“...आलीच नाही. म्हणून फिरवत राहिलो.”

“थोडक्यात वाचलात काका. पिस्टनला भोक पडलं असतं.”

“अरे, हे टीव्हीसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकवतात! कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर येतात.”

“कळलं गं.”

“टायमिंग तपासायचा लाइट लावून मीच करून देतो, काका.”

“नको, पाना दे इकडे. तू नुसती रेस दे. आणि अगं, तू ये, इथे उभी राहा.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“टकटक थांबली की सांग.”

“वाजतंय... अजून वाजतंय... हां, थांबा! गेली.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं झालं गं, सांगत राहिलीस.”

“काय म्हणालात?”

“म्हटलं, उपकार झाले तुझे!”

“ओरडू नका. मघाशीच ऐकलं मी. पुन्हा ऐकायचं होतं.”