चौथ्या रिळातली आई

फिल्म दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा आणि त्याची मुलगी उभे होते. म्हाताऱ्याने पत्र्याचा गोल डबा पोटाशी धरला होता.

“बाबा, झाकणाला एवढी चिकटपट्टी कशाला गुंडाळलीत?”

“हवा लागू नये म्हणून.”

“अहो, दुकानदार आत्ताच म्हणाले ना, हवा कोंडली म्हणूनच रीळ सडलं. आता उलगडायचं नाही, नुसता दगड झालाय.”

“अख्ख्या जगात ही एकच प्रत होती गं. रबराचं भूत, रक्त म्हणून लाल रंग. लोक खदाखदा हसायचे. आम्ही वेडे मात्र तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायचो.”

“आणि आई?”

“ती याच, चौथ्या रिळात. भूत गळा दाबतं आणि ती किंचाळते. तेवढंच काम.”

“मी पाळण्यात होते तेव्हा ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. किती वेळा म्हटलं तुम्हाला, मला एकदा लावून दाखवा.”

“लावलं की ओरखडे पडतात.”

“मग निदान सांगा तरी. कशी किंचाळायची ती?”

“आता नाही आठवत गं. असल्या सिनेमांत सगळ्याच बायका सारख्या किंचाळतात.”