मैत्री ओव्हाळ मिळून आल्याबाबत तिच्या आईचा जबाब

दि. १५/०७/२०२५

नाव: नीला नागसेन ओव्हाळ, वय ३८ वर्षे, व्यवसाय: घरी रबरी वॉशरचे पॅकिंग, रा. ओटा स्कीम, निगडी.

मी स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती नागसेन व मुलगी मैत्री, वय १४, इयत्ता नववी, यांच्यासह राहते. पती चाकणला कंपनीत प्रेस ऑपरेटर आहेत.

मला सहा वर्षांपासून बायपोलर नावाचा मानसिक आजार आहे. औषधे नियमित चालू आहेत. मैत्रीला आम्ही त्या बीपीच्या गोळ्या असल्याचे सांगत होतो. सन २०२३ मध्ये आजार वाढून मी घरातून निघून गेले होते. मैत्री शाळेतून आली तेव्हा दार उघडे होते व गॅस चालू होता. त्याबद्दल मला अधिक सांगायचे नाही.

आज सकाळी पावणेसातला मैत्री गणवेशात शाळेला म्हणून निघाली. सव्वादहाला वर्गशिक्षिका नेहा मॅडम यांचा फोन आला, "मैत्री दहा दिवस झाले शाळेत नाही, बरी आहे ना?" पतीचा फोन शिफ्टमध्ये लॉकरला असतो. मी शेजारच्या सुमनताईंना घेऊन अकराला पोलीस स्टेशनला आले.

माझ्या आजाराबद्दल मीच आधी सांगितले. त्यामुळे माझ्या बोलण्यावर विश्वास बसणार नाही, असे मला वाटले होते. महिला हवालदार स्वरूपा मॅडम म्हणाल्या, "ताई, आजार वेगळा, मुलगी वेगळी. कपडे कोणते होते ते सांगा." पतीची वाट न पाहता त्यांनी तक्रार लिहून घेतली.

दुपारी एक चाळीसला आळंदीहून यशोदाबाई यांचा माझ्या मोबाईलवर फोन आला. त्या घाटाजवळ तुळशीचे हार विकतात. गणवेशातली मुलगी नऊपासून खालच्या पायरीवर बसलेली त्यांनी पाहिली. नदीला पाणी जास्त होते. त्यांनी काही विचारले नाही. "पोरी, मला एकटीला उरकत न्हाई, चार हार ओवून दे," असे म्हणून तिला वर दुकानात आणले. तिच्याकडून दुपारपर्यंत हार ओवून घेतले, भाकरी खायला लावली. मग मैत्रीने आपणहून माझा नंबर दिला.

मी व स्वरूपा मॅडम पोलीस गाडीने तेथे गेलो. मैत्रीने सांगितले की, ती रोज आमच्याच इमारतीच्या गच्चीच्या जिन्यात दप्तर घेऊन बसत होती. "घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली की बरं वाटायचं," असे ती म्हणाली. चार रात्री तिला झोप नव्हती. "मला पण तुझ्यासारखं व्हायला लागलंय, आई. तू मला असं बघितलं असतंस तर परत आजारी पडली असतीस. म्हणून आळंदीची बस धरली."

मी तिला आजाराचे नाव सांगितले. ती म्हणाली, "बीपी नाही हे मला माहीत होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

तेथूनच मी माझ्या डॉक्टरांना फोन लावला. आई किंवा वडिलांना असा आजार असेल तर मुलांना त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण होतोच असे नाही, असे त्यांनी सांगितले. जागरण व काळजीनेही असे वाटू शकते, तपासल्याशिवाय नाव द्यायचे नाही, म्हणाले. मग ते मैत्रीशी स्वतः बोलले. "आईवर पहारा ठेवणं तुझं काम नाही. ते आम्ही मोठी माणसं बघू," असे त्यांनी तिला सांगितले. फोन स्पीकरवर होता. मैत्री तेव्हा पहिल्यांदा रडली. उद्या दहाला आम्हा तिघांना बोलावले आहे.

माझ्या मुलीस कोणी पळवून नेले नव्हते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. यशोदाबाईंनी हारांचे किंवा भाकरीचे काही घेतले नाही. "येत जा गं," एवढेच म्हणाल्या. त्यांचे, नेहा मॅडमचे, सुमनताईंचे व स्वरूपा मॅडमचे उपकार मानते. हे जबाबात बसत नसले तरी लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

पती साडेपाचला कंपनीच्या कपड्यांतच येथे पोलीस स्टेशनला आले. मैत्री त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून बाकावर झोपली आहे. ते तासभर हललेले नाहीत. तिची सही लागत असल्यास उद्या घ्यावी.

हा जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला असून मुलगी झोपलेली असल्याने मला हळू आवाजात वाचून दाखवला. तो बरोबर आहे.

सही/-
नीला नागसेन ओव्हाळ