तापावर लावलेली पावडर

देवळात निघताना आधी काय बघता मंडळी? आरसा! आणि ज्याला आतलं सगळं दिसतं म्हणता, त्याच्यापुढं बाहेरून सजून कशाला जाता? थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी कुडाळच्या शाल्मलीची गोष्ट ऐका.

महामारीचे दिवस. रस्ते ओस, देवालाही कुलूप. शाल्मलीची तीन वर्षांची जुई तापली. नवरा पुण्यात अडकलेला, घरात फक्त सासूबाई. शाल्मली एम.एस्सी. झालेली. शिकल्याचा फायदा काय, तर दुसऱ्याला एक भीती वाटते, हिला दहा! लेकीचा श्वास मोजता मोजता हिचा चुकायचा. दवाखान्यात न्यावं, तर तिथं साथ. न न्यावं तर — त्या ‘तर’पुढं तिचा विचारच जाईना.

त्यांच्या होमिओपॅथीच्या डॉक्टर गोगटेबाई. त्या म्हणाल्या, “सकाळी व्हिडिओवर या. मला जुईला बघू दे.”

बघू दे म्हटलं मात्र, सासूबाईंनी पदर खोचला.

“अगं, डॉक्टरांपुढं पोर अशी पारोशी बसवायची? लोक काय म्हणतील?”

दारात चिटपाखरू यायला बंदी, तरी लोक काय म्हणतील! झालं — जुईला नवा फ्रॉक, दोन शेंड्या, काजळाची तीट, आणि तोंडाला पावडर अशी, की भाकरी थापताना परातीत पीठ पसरावं. शाल्मलीनंही चांगला ड्रेस घातला, टिकली लावली, डोळ्यांखालचं काळं झाकलं.

फोन लागला. बाई चष्मा सावरत पुढं झुकल्या.

“शाल्मली, ही एवढी पांढरीफटक कधीपासून?”

शाल्मलीनं जुईचं तोंड आपल्याकडे वळवलं. “पांढरी? मघाशी तर...”

“पावडर हो ती, डॉक्टर,” मागून सासूबाई. “मीच लावली.”

“पुसा आधी. मी तपासायला बसलेय, बारशाला नाही.”

ओल्या फडक्यानं तोंड पुसलं. खालून तापानं लालबुंद झालेले खरे गाल निघाले. फ्रॉक वर करायला सांगून बाईंनी पोटाची हालचाल पाहिली, श्वास पाहिला. मग त्यांचे ते प्रश्न — पाणी घोटघोट मागते की एकदम? चिडते की बिलगते? पांघरूण ओढते की लाथाडते?

“लाथाडते,” सासूबाई म्हणाल्या. “मलासुद्धा.”

बाई हसल्या. “श्वास ठीक आहे, पाणी पितेय. चाचणी करून घ्या. गोळ्या सांगते, पण नीट ऐक. श्वास जोरात चालला, पाणी प्यायची थांबली, मलूल पडली, तर माझ्या गोळ्यांवर थांबायचं नाही. सरळ मुलांचा दवाखाना गाठायचा. साथीला भिऊन घरी बसायचं नाही. कळलं?”

“हो.”

“आता तुझं सांग. तू कशी आहेस?”

“मी ठीक.”

“जुईचं तोंड पुसल्यावर मला जुई दिसली. तुझं कधी पुसायचं?”

मंडळी, तिथं बांध फुटला.

“बाई, डोळा लागला आणि तिला काही झालं तर? म्हणून मी झोपतच नाही.”

सासूबाईंना वाटायचं, सून शिकलेली, हिला कसली भीती? त्यांनी पदराचं टोक भिजवलं आणि सुनेचं तोंड पुसलं. टिकलीही गेली.

“जेव आणि झोप. मी बसते तिच्यापाशी. जरा काही वाटलं, तर उठवीन.”

शाल्मली दुपारभर झोपली. ताप पुढं उतरला. गोळ्यांनी, पाण्यानं, की आपसूक? तो वाद वैद्यांचा, मी तो चिपळ्यांवर सोडवणार नाही. पण शाल्मलीला जाग आली ती खिदळण्यानं. जुई उठून बसलेली, हातात पावडरचा डबा, समोर सासूबाई — भुवयांपर्यंत पांढऱ्या!

“हलू नको आजी. डॉक्टरांनी बघायचंय ना तुला?”

हसलात? हसा, हसा. पण आता माझ्याकडे नाही, आपापल्या मनाकडे बघा. हार घेतला, अत्तर लावलं, हात जोडले आणि म्हणालात, ‘देवा, सगळं छान आहे.’ तो तिकडून विचारतोय, ‘बाळा, एवढा पांढराफटक कधीपासून?’ भांग जरूर पाडा, टिकली जरूर लावा. पण गाभाऱ्याशी पोचलात की उपरण्यानं, पदरानं, एकदा तोंड पुसा. आणि घरी गेल्यावर कुणी ‘मी ठीक’ म्हणालं, तर तेवढ्यावर उठू नका. फडकं ओलं करा आणि जवळ बसा.