दर वीस मिनिटांनी

हाडांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याचं घड्याळ वाजलं.

“केळं दे.”

“अहो, आत्ताच तर खाल्लंत!”

“दर वीस मिनिटांनी खायची सवय लावायची असते. पोहायचं, सायकल हाणायची, वर बेचाळीस किलोमीटर धावायचं. ट्रायथलॉनच्या दिवशी पोटाने दगा दिला तर?”

“पण आत्ता बाकावर बसलाय तुम्ही!”

“विश्रांती हासुद्धा सरावच.”

“आणि काल? तुमची सायकल पुढे आणि मी स्कूटरवर मागे, मिठाच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत, सहा तास!”

“पाच तास बावन्न मिनिटं.”

“वर उकडलेले बटाटे सोलून, धावत आणून हातात द्यायचे!”

“दुसऱ्या बटाट्याला अकरा सेकंद उशीर झाला तुला.”

“पाय मुरगळला होता माझा! बघा, कसा टम्म सुजलाय.”

“म्हणून तर आलोय ना इथे. स्पर्धेला तीनच आठवडे उरलेत, तोवर तुझा पाय बरा व्हायला नको?”

दार उघडलं.

“पाय मुरगळलेल्या बाई, चला आत.”

“अहो, जरा हात द्या ना, उठवत नाहीये.”

“थांब, एवढं केळं संपू दे.”

“सावकाश या, बाई. सोबत कोणी आलंय का?”

“नाही हो सिस्टर. एकटीच आलेय.”