बत्तीस डब्यांचं पाणी

केवळाबाई : त्र्याण्णव नव्हं, पंच्याण्णव. त्र्याण्णवला भूकंप झाला तवा तू सात वर्षांची. आईबाप, भाऊ ढिगाऱ्यात गेले अन् संगप्पा चुलत्यानं तुला लातूरला आणलं. चौऱ्याण्णवला तुझ्या काकूच्या खानावळीत म्या भाकऱ्या थापायला लागले, अन् ते डब्यांचं झालं तवा त्याला वरीस झालं होतं. म्हंजी पंच्याण्णवच.

मंजुश्री : म्हणजे मी नऊ वर्षांची.

केवळाबाई : व्हय. पर आधी बस तरी. मुखेडपस्तोर एसटीत उभी आलीस का काय?

मंजुश्री : बसले होते. शेजारची बाई उठली. म्हणाली, "बसा, दोघींना लागंल जागा." मी एकटीच होते मावशी.

केवळाबाई : जीभ झडो तिची. बरं, एवढ्या वर्षांनी आज ते साल कशाला उकरून राहिलीस?

मंजुश्री : वजन एकशे बारा झालंय. साखर वाढली, गुडघे गेले. डॉक्टरीणबाईंनी उपचाराआधी एक कागद भरायला दिला. लहानपणी घरात मारायचे का? उपाशी ठेवायचे का? बळजबरीनं खायला घालायचे का?

केवळाबाई : आगं बाई! वजनाचा अन् त्याचा काय संबंध?

मंजुश्री : मीही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, ज्या लेकरांनी असं सोसलं, त्यातली पुष्कळ मोठेपणी जाड होतात. सगळीच नाही, पण पुष्कळ. नुसता खादाडपणा म्हणून सोडून देऊ नका. मी मात्र सगळीकडे 'नाही' लिहिलं.

केवळाबाई : मग झालं की.

मंजुश्री : माझ्या नवऱ्यानं, अमरनाथनं, वाचला कागद. म्हणाला, "बरोबर लिहिलंस. काकूंनी लेकीसारखं वाढवलं. तुला खायची हाव आहे, एवढंच." काकूही सगळ्यांना हेच सांगतात, भूकंपाच्या छावणीतली बिस्किटं खाऊन पोरगी फुगली. आता मलाच कळेना, मला आठवतं ते खरं, का मी रचलंय. त्या घरात रोज येणारं माणूस तुम्हीच उरलात.

केवळाबाई : काय दिवस होते माय! हदगाव, नांदेड, कुठकुठली पोरं क्लाससाठी लातूरला यायची. रोज बत्तीस डबे जायचे. पोरं म्हणायची, मावशी, आईच्या भाकरीची याद येत न्हाई...

मंजुश्री : आणि रिकामे डबे कोण धुवायचं?

केवळाबाई : तूच की. हौदापाशी, पाटावर चढून. हात पुरत नव्हता तुझा.

मंजुश्री : मला जेवायला काय असायचं?

केवळाबाई : सकाळची एक भाकर. चुकलीस तर तीबी न्हाई. फडताळाला कुलूप.

मंजुश्री : म्हणून मी डब्यातलं उरलेलं खायचे. न्हाणीच्या दाराआड, उभ्यानं. अजून तसंच खाते, माझ्या स्वतःच्या घरात. पोरगी विचारते, आई, तू कुणाला घाबरतेस? ... मावशी, काकूला कळलं कसं?

केवळाबाई : चहा टाकू का?

मंजुश्री : मावशी.

केवळाबाई : म्या सांगितलं.

मंजुश्री : तुम्ही?

केवळाबाई : भाकऱ्या रोज दोन कमी भरायच्या. ती माझ्याकडं बघायला लागली. म्या म्हणलं, माझ्याकडं काय बघता, तुमची मंजी डब्यातलं उचलून खाती, तिला इचारा. त्या दोन भाकऱ्या माझ्या पदरात असायच्या. घरी दोन लेकरं होती.

मंजुश्री : पुढं सांगा.

केवळाबाई : तुला ठावं हाय.

मंजुश्री : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

केवळाबाई : काकू म्हणली, अन्न म्हंजी प्रसाद. आपण लिंगायत, ताटात कण ठेवत न्हाई, ताट धुऊन पाणी पितो. उष्टं खायचं ना तुला? मग रीतीनं खा. बत्तीस डब्यांतलं वरण, भात, आंबलेली भाजी एका पातेल्यात कालवली. पार संपवायला लावलं. मग एकेक डबा धुऊन ते पाणी. तिनं मोजलं. अकराव्या डब्याला तू ओकलीस.

मंजुश्री : अकराव्या.

केवळाबाई : तिनं पाठीत उलथनं घातलं अन् म्हणली, बारा. चुलता ओसरीवर पेपर वाचीत होता. म्या भाकऱ्या थापत होते. हात थांबला न्हाई माझा.

मंजुश्री : अकरा हा आकडासुद्धा मला वाटायचं मीच मनानं धरलाय. तेव्हापासून पोट भरलेलं मला कळत नाही मावशी. ताटात कण दिसला की पाठीत कळ येते. पोरीचं, नवऱ्याचं, सगळ्यांचं उरलेलं मीच संपवते.

केवळाबाई : मला शिव्या दे. चार मार.

मंजुश्री : त्याचं मी काय करू? लातूरला चला. डॉक्टरीणबाईंपुढं, अमरनाथपुढं हेच सांगा.

केवळाबाई : भाकऱ्यांचं बी?

मंजुश्री : भाकऱ्यांचंही.

केवळाबाई : माझा पंढरी शाळंत मास्तर हाय. ह्या गावात मान हाय त्याला. असल्या भाकरीवर वाढला, हे त्याला ठावं न्हाई.

मंजुश्री : तर मग राहू द्या. मी जाते.

केवळाबाई : थांब. शाळा सुटून आला की त्याला सांगते. सकाळच्या गाडीनं निघू.

(दोन वर्षांनंतर. तेच घर, जेवणवेळ.)

मंजुश्री : चुलते वारले. काकू पुण्याला लेकाकडे असतात. परवा फोन केला, तर मागं सुनेला बिस्किटांचंच सांगत होत्या.

केवळाबाई : सांगणारच. अन् तुझा अमरनाथ? त्या दिवशी दवाखान्यातनं उठून गेला होता.

मंजुश्री : माफी काही मागितली नाही. पण 'हाव' हा शब्द पुन्हा काढला नाही. स्वतःच्या ताटातलं स्वतः संपवतो. पंढरी?

केवळाबाई : दोन महिने बोलला न्हाई. आता बोलतो. पर भाकर वाढली की आधी माझ्याकडं बघतो, मग तोडतो. त्या बत्तीसातलं एक पोरगं इथं डॉक्टर झालंय. माझं बीपी बघतो. म्या इचारलं, डबे धुणारी पोरगी आठवती का? म्हणला, कुठली पोरगी?

मंजुश्री : त्याला कसं दिसणार? डबा तर स्वच्छच जायचा.

केवळाबाई : वजन उतरलं का गं?

मंजुश्री : अठ्ठ्याण्णव. कधी उतरतं, कधी चढतं. एसटीतल्या बाया अजून बघतात. ... मावशी, ही अर्धी भाकर. माझं पोट भरलं.

केवळाबाई : भरलं ना? मग ऊठ.

मंजुश्री : पण ताट...

केवळाबाई : ऱ्हाऊ दे तसंच. ताट म्या धुते.